सोन्यावर सोनं आपटून आम्ही मोजत काय होतो

पहिली आऊल शिफ्ट मला अजून आठवते. आऊल म्हणजे रात्रपाळी, तिकडे सगळे तसंच म्हणतात. एप्रिल २०१९, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरची ब्रुकहेवन लॅब, एप्रिल असूनही बाहेर आपल्याकडच्या डिसेंबरला लाजवेल अशी थंडी. होस्टेलवरून कंट्रोल रूमपर्यंत जाताना रस्त्याच्या कडेला हरणं उभी असायची आणि गवतात शिरू नका, गोचीड चावतात, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं. मी मिरजेची मुलगी, हरीण बघितलं होतं ते प्राणिसंग्रहालयात, इथे ती मोकाट फिरतायत आणि मी पाठीवर सॅक टाकून अणुगर्भ फोडायला चाललेय, मला ते सगळं खरंच वाटत नव्हतं.

तिथे रिक नावाचं यंत्र होतं. ३.८ किलोमीटर घेराची रिंग, खरं तर दोन रिंगा, एकीला ब्लू म्हणतात एकीला यलो, दोन्हीत सोन्याचे अणुगर्भ उलट्या दिशांनी फिरायचे आणि ठरलेल्या जागी एकमेकांवर आदळायचे. सोन्याच्या एका गर्भात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. आदळले की जो गोळा तयार होतो तो टिकतो साधारण १०^-२३ सेकंद, म्हणजे बघायचा प्रश्नच येत नाही. तो फुगतो, निवतो, हजारो कण होऊन उडून जातो आणि आमच्या डिटेक्टरला ते कणच काय ते मिळतात. मी घरी समजावताना म्हणते की पंगत उठून गेल्यावर नुसत्या पत्रावळी बघून सांगायचं की जेवणात काय होतं, कोणाला काय आवडलं आणि मधेच कोणी रुसून उठलं का. आमचं काम तेवढंच आहे आणि ते मला फार म्हणजे फार आवडतं.

आता शोधायचं काय, तर फेज ट्रान्झिशन. पाण्याची वाफ होते तसं प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून आतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होतात, हे साधारण १५६ एमईव्ही (ऊर्जेचं एकक, आम्ही तापमानही त्यातच सांगतो) तापमानाला, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार कोटी अंश, सूर्याच्या गाभ्याच्याही लाखपट. रिकवर असं मोकळं द्रव्य बनतं आणि ते वायूसारखं न वागता जवळजवळ घर्षण नसलेल्या द्रवासारखं वाहतं हे २००५ मध्येच जाहीर झालेलं. पण बदल होतो हे कळलं, तो कसा होतो हा वेगळा प्रश्न आहे. पातेल्यात पाणी उकळताना १०० अंशावर थांबतं, बुडबुडे येतात, खाली पाणी वर वाफ असं स्पष्ट दिसतं. थंडीत थिजलेलं तूप मात्र गॅसजवळ ठेवलं की हळूहळू सैल होत जातं, अमुक क्षणी ते वितळलं असं बोट ठेवून सांगता येत नाही. भरपूर एनर्जीच्या टकरीत अणुद्रव्य तुपासारखं वागतं, हे लॅटिस क्यूसीडीच्या (क्वार्क-ग्लुऑनचे नियम जाळीवर मांडून संगणकाने सोडवायचे) गणितातून २००६ पासून पक्कं आहे. पण टकरीची एनर्जी कमी करत गेलं की आदळलेल्या सोन्यातले प्रोटॉन-न्यूट्रॉन पार निघून जायच्या ऐवजी मधेच अडकून राहतात, गोळा जास्त दाट होतो आणि तिथे तो तुपासारखा न वागता पाण्यासारखा वागेल असा अंदाज आहे. तूप संपून पाणी सुरू होतं तो जो एक बिंदू त्याला क्रिटिकल पॉइंट म्हणायचं. पाण्यालाही आहे तो, ३७४ अंश आणि वातावरणाच्या २१८ पट दाब, तिथे पाणी आणि वाफ यातला फरकच मिटतो आणि आरपार दिसणारा द्रव एकदम दुधासारखा पांढरट होतो कारण आत सगळ्या आकाराचे दाट-विरळ ठिपके एकाच वेळी उठायला लागतात.

मी याच्या नादी लागले ते एमएस्सीला असताना. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी हा बिंदू लॅटिसवर कुठे असू शकतो याचे अंदाज बऱ्याच आधी काढलेले, ते काम वाचायला मिळालं आणि मुंबईत बसून कोणीतरी विश्वाच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांचा नकाशा काढतंय हे डोक्यातून जाईना. अडचण अशी की दाट द्रव्यात ते गणित सरळ करता येत नाही, आकडे एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून बाजूबाजूने अंदाज घ्यावा लागतो. म्हणजे शेवटी आदळूनच बघायला पाहिजे. त्यासाठी रिकवर बीम एनर्जी स्कॅन, बीम म्हणजे फिरणाऱ्या अणुगर्भांचा झोत. नेहमीची २०० जीईव्हीची (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) टक्कर सोडून एनर्जी पायरी पायरीने खाली आणायची, ३९, २७, १९.६ असं करत ७.७ पर्यंत. पहिला स्कॅन २०१० मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ ते २०२१, आणि मी शिरले ती दुसऱ्यात.

तर ती शिफ्ट. रिकवरचा आमचा डिटेक्टर म्हणजे स्टार, १२०० टनांचा, घराएवढा, पण तो भिंतीपलीकडे, आपल्यासमोर नुसते मॉनिटर. मी डिटेक्टर ऑपरेटरच्या ट्रेनिंगवर होते, म्हणजे आधी अनुभवी ऑपरेटरच्या शेजारी बसून शिकायचं. डिटेक्टरचं हृदय म्हणजे टीपीसी, ४.२ मीटर लांब आणि ४ मीटर व्यासाचा गॅसने भरलेला पिंप, त्यात ९० टक्के आर्गॉन १० टक्के मिथेन. कण त्यातून गेला की वाटेतल्या गॅसमधून इलेक्ट्रॉन सुटतात, ते दोन्ही टोकांकडे वाहत जातात आणि तिथे त्या वाटेचा ठसा उमटतो, चुंबकात वाट किती वळली त्यावरून संवेग कळतो. मेन कंट्रोल रूममधून फोन येतो की नवीन बीम भरतोय, की आपण टीपीसीचं व्होल्टेज खाली आणायचं, कारण बीम भरताना काही इकडेतिकडे उडालं तर तारा खराब होतील, मग तयार आहोत असं कळवायचं, बीम स्थिर झाला की परत व्होल्टेज चढवायचं आणि रन, म्हणजे डेटा घ्यायचा एक तुकडा, सुरू करायचा. कमी एनर्जीला बीम लवकर विरतो, म्हणजे हे सगळं परत परत. चढवताना टीपीसीचा एखादा सेक्टर, म्हणजे भाग, ट्रिप होतो, लाल चौकोन दिसतो, तो क्लिअर करायचा. मी पहिल्यांदा एकटीने क्लिअर केला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि शेजारच्या ऑपरेटर बाईंनी नुसती मान हलवली, मला तेवढं पुरलं.

आणि मग स्क्रीनवर इव्हेंट येतात. एक एक टक्कर, मधोमध एका बिंदूतून फुटलेल्या शेकडो रेषा, भुईनळा फुटावा तशा. मी ते बघत बसायचे आणि दर वेळी मनात यायचं की यातल्या कशात तरी ते आहे. पण एका इव्हेंटमध्ये ते नसतंच मुळी, हे मला कळायला वेळ लागला.

इथे बाबांचं सांगते. बाबा एसटीत कंडक्टर होते, संध्याकाळी घरी आले की वेबिलाचे आकडे त्यांच्या तोंडावर असायचे, सकाळच्या फेरीला ३८, दुपारी ४१, असं. आता समजा माणसं आपापली स्वतंत्र येतायत, तर रोजचा आकडा सरासरीच्या आजूबाजूला एका ठरावीक पद्धतीने हलेल, त्याचं गणित बांधलेलं आहे. पण समजा गावात लग्नसराई सुरू झाली, आता माणसं सुटी येत नाहीत, अख्खं वऱ्हाड चढतं नाहीतर अख्खं वऱ्हाड दुसऱ्या गाडीने जातं. सरासरी कदाचित तीच राहील, पण आकड्यांची हलण्याची तऱ्हा बदलेल, कधीतरी ७० कधीतरी १२. क्रिटिकल पॉइंटजवळ प्रोटॉनचं तसंच होतं असा तर्क आहे, ते सुटे राहत नाहीत, दूरदूरच्या कणांचा एकमेकांशी संबंध जोडला जातो. म्हणून आम्ही काय करतो, तर प्रत्येक टकरीत प्रोटॉन किती आणि अँटिप्रोटॉन किती हे मोजून वजाबाकी करतो, न्यूट्रॉन आमच्या डिटेक्टरला दिसत नाहीत म्हणून प्रोटॉनवरच भागवायचं. कोट्यवधी टकरींचे असे आकडे घेऊन त्यांचा हिस्टोग्राम आणि त्या हिस्टोग्रामचा आकार.

आकार म्हणजे सरासरी, पसारा, कललेपणा आणि चौथा आकडा तो कर्टोसिस, जो सांगतो की कडेच्या शेपट्या किती जाड आहेत. मिखाइल स्टेफानोव्ह यांनी २००९ मध्ये दाखवलं की संबंधाची लांबी, म्हणजे किती दूरपर्यंतचे कण एकमेकांशी जोडले गेलेत ती, वाढली की पसारा तिच्या वर्गाने वाढतो पण चौथा आकडा सातव्या घाताने. म्हणजे लांबी दुप्पट झाली तर पसाऱ्यात चौपट फरक आणि चौथ्यात १२८ पट. हे वाचलं तेव्हा मला वाटलं मग काय सोप्पंय, चौथा आकडा काढा आणि बघा कुठे उडी मारतो. आम्ही चौथ्याला दुसऱ्याने भागतो, सगळे कण सुटे असतील तर उत्तर १ यायला पाहिजे आणि एनर्जी खाली आणताना क्रिटिकल पॉइंटजवळून गेलो तर आधी १ च्या खाली बुडून मग वर यायला पाहिजे, अशी साधारण अपेक्षा.

सोप्पं अजिबात नाहीये. जी गोष्ट सिग्नलला १२८ पट करते तीच गोष्ट कचऱ्यालाही मोठा करते.

२०२० ला मार्चमध्ये कोविडमुळे रिक बंद पडलं, जूनमध्ये परत सुरू झालं, आम्ही मात्र भारतातच अडकलो. २०२१ मध्ये ७.७ जीईव्हीचा डेटा घेतला गेला, सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा, आणि तेव्हा मी मिरजेला घरच्या कॉटवर बसून क्यूएची, म्हणजे डेटा नीट येतोय ना ते तपासायची, शिफ्ट करत होते. तिकडे दिवस की इकडे रात्र. नुसते प्लॉट बघायचे आणि खटकलं की नोंद करायची. एक प्लॉट मला फार आवडायचा, टक्कर नेमकी कुठे झाली त्या जागांचा, मध्ये दाट ठिपका आणि त्याच्या भोवती फिकट गोल कडं. ठिपका म्हणजे सोन्यावर सोनं, कडं म्हणजे बीममधलं भरकटलेलं सोनं ज्या पाइपातून बीम जातो त्या पाइपावरच आदळलं त्याच्या खुणा. आई पाणी द्यायला आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "काय गं हे, ग्रहण का?" तेव्हापासून मला ते ग्रहणच दिसतं. ते कडं विश्लेषणातून काढून टाकायचं, नाहीतर पाइपावरची टक्कर सोन्याची म्हणून मोजली जाईल.

मग खरं काम सुरू झालं, आणि यात माझी तीन वर्षं गेली. आमच्या ग्रुपकडे क्रॉसचेकचा भाग होता, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेलं उत्तर आपण त्यांचा कोड न बघता स्वतः काढायचं. आधी प्रोटॉन कुठला ते ओळखायचं. हळू कणांसाठी टीपीसीत किती ऊर्जा सांडली ते पुरतं, वेगवानांसाठी टीओएफ लागतो, जो उड्डाणाला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून वस्तुमान निघतं. मग टक्कर समोरासमोर झाली की कडेकडेने घासून गेली हे ठरवायचं, ते किती कण बाहेर पडले त्यावरून, पण त्या मोजणीत प्रोटॉन धरायचे नाहीत, नाहीतर जे मोजायचं त्यावरूनच वर्गवारी केली असं होतं. (हे मला पहिल्यांदा क्षुल्लक वाटलं होतं. घातलं तर उत्तर किती बदलतं हे स्वतः करून बघितल्यावर गप्प बसले.) मग डिटेक्टरला सगळे प्रोटॉन दिसतच नाहीत, काही सुटतात, त्याची दुरुस्ती करायची आणि ती नुसती गुणाकाराने होत नाही, चौथ्या आकड्यापर्यंत ती वेगळी वेगळी लावावी लागते. संगणकावर जॉब टाकायचे, सकाळी बघायचं किती मेले, परत टाकायचे.

आणि एका पहाटे माझ्या प्लॉटवर सगळ्यात समोरासमोरच्या टकरींचा ठिपका जवळपास ५ वर बसलेला होता. १ नाही, ५! मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत बसले, अक्ष बरोबर आहे ना बघितलं, बरोबर होता. इतका मोठा वर गेलेला आकडा म्हणजे, मी काय विचार करत होते ते लिहितसुद्धा नाही. सरांना मेसेज केला, सर पाचला उठतात. त्यांचा फोन आला, आवाजात काहीच नाही, म्हणाले, "छान. आता प्रत्येक रनची सरासरी वेगळी काढ आणि मला दाखव." बाकी एक शब्द नाही.

दोन दिवस लागले. शेकडो रन, प्रत्येकाची सरासरी एक ठिपका, सगळे एका ओळीत, आणि मधेच मूठभर रन ओळीच्या बऱ्याच खाली. त्या तासांमध्ये टीओएफचा काही भाग बंद होता, लॉगबुकात स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि खराब रनच्या यादीतही ते आलेले, पण मी जुनी यादी वापरत होते. मग मी कागदावर हिशोब केला, सोपे आकडे घेऊन. समजा चांगल्या रनमध्ये सरासरी ४० आणि पसाराही ४०, आणि हजारातल्या ५ टकरी अशा की जिथे सरासरी २५ दिसते, १५ ने कमी. १५ चा चौथा घात ५०,६२५, त्याला ०.००५ ने गुणलं की २५० च्या वर. ४० ने भागलं तर ६ च्या वर, मधल्या पदांमुळे त्यातलं बरंच कमी होतं, पण सगळं धरून १ च्या जागी साडेचारच्या पुढे उत्तर येतं. हजारात पाच! हजारातल्या पाच गाड्यांत कंडक्टर झोपला तर अख्ख्या डेपोत लग्नसराई चालू आहे असं दिसेल. सरासरीला याचा पत्ताही लागत नाही, ती ४० ची ३९.९ होते.

ते रन काढले आणि ठिपका खाली येऊन १ च्या आसपास बसला. मी रडले थोडी, खोटं कशाला सांगू. पण त्या आठवड्यात मला हा विषय जितका कळला तितका आधीच्या दोन वर्षांत कळला नव्हता. फेज ट्रान्झिशन दिसत नाही, ते उरतं. बाकी जे जे काही ती शेपटी जाड करू शकतं ते एकेक करून बाजूला काढल्यावर काही उरलं तर ते. त्यानंतर मी प्रत्येक कट, म्हणजे कुठली टक्कर किंवा कण ठेवायचा त्याची अट, बदलून बघायला लागले, थोडा सैल थोडा कडक, उत्तर किती हलतं ते वहीत लिहायचं. स्टारमध्ये कुठलाही पेपर बाहेर जायच्या आधी त्यावर एक समिती बसते, गॉड पेरेंट कमिटी म्हणतात तिला, ती विचारते की हे का, ते का नाही, आणि लोक चिडतात तिच्यावर, पण मला तिची किंमत त्या ५ च्या ठिपक्याने शिकवली.

आता निकाल. पहिल्या स्कॅनमध्ये ७.७ चा ठिपका १ च्या बराच वर होता, पण त्याची एरर बार (आकड्यातली अनिश्चितता दाखवणारी रेघ) एवढी मोठी की त्यात काहीही मावलं असतं, कारण टकरी होत्या फक्त ३० लाखांच्या आसपास. तरी सगळे ठिपके मिळून एनर्जीनुसार आकडा सरळ न जाता खालीवर होतो असं ३.१ सिग्माने (सिग्मा जितके जास्त तितकी नुसता योगायोग असण्याची शक्यता कमी) दिसत होतं, ते २०२१ मध्ये छापून आलं आणि आम्हा सगळ्यांना त्या वर गेलेल्या ठिपक्याची आस लागली. दुसऱ्या स्कॅनमध्ये ७.७ ला साडेचार कोटी टकरी, १९.६ ला २७ कोटी. शिवाय टीपीसीचे आतले सेक्टर नवीन, आणि बीम विरू नये म्हणून इलेक्ट्रॉनने तो थंड करायची नवी पद्धत. मे २०२४ मध्ये बर्कलीच्या कॉन्फरन्समध्ये निकाल दाखवले, मी ऑनलाइन बघत होते, आकडे माहीत असूनही हात गार पडले होते. एरर बार एकदम लहानशा झालेल्या. ७.७ चा ठिपका खाली आलेला. वर चढणं उरलं नाही. पण २० जीईव्हीच्या आसपास एक खळगा राहिला, क्रिटिकल पॉइंट नसलेल्या मॉडेलांपेक्षा २ ते ५ सिग्माने खाली, कुठलं मॉडेल घेता त्यावर अवलंबून. २०२५ मध्ये हे छापूनही आलं.

लोक विचारतात, मग सापडला का? नाही, सापडला असं मी म्हणणार नाही आणि म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवणार नाही. खळगा आहे हे मात्र मी मान्य करते, कारण तो मी स्वतः मोजलाय. खळग्यानंतरचा चढ असेल तर तो ७.७ च्याही खाली असेल, आणि नवी गणितंसुद्धा बरीचशी तिकडेच बोट दाखवतायत, ५०० ते ६५० एमईव्हीच्या रासायनिक विभवाकडे (म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची दाटी किती त्याचं माप), ७.७ ला आपण जेमतेम ४२० पर्यंत पोचतो. तिथे दोन बीम एकमेकांवर आदळून भागत नाही, म्हणून बीम पाइपात सोन्याचा पाव मिलिमीटर जाडीचा पत्रा ठेवून एकच बीम त्यावर सोडलेला, ३ जीईव्हीपासून वर. ३ चा निकाल २०२२ मध्ये आला, आकडा शून्याच्या खाली, आणि तो साध्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या हिशोबात बसतो, म्हणजे तिथे क्वार्क मोकळे झाल्याची खूण या मोजणीत नाही. उरला मधला पट्टा, ३.२, ३.५, ३.९, ४.५.

मी आता त्यातल्या ३.९ वर आहे. पत्र्यावर टक्कर असल्यामुळे इथला त्रास वेगळा, दोन टकरी एकाच वेळी होतात आणि डिटेक्टर त्यांना एकच समजतो, पाइलअप म्हणतात, आणि तो शेपटीच्या नेमक्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. त्याचं प्रमाण पुन्हा हजारात काही इतकंच. मागच्या रविवारी फोनवर बाबांना हे सांगितलं की दोन गाड्यांचं वेबिल एकात लिहिलं गेलंय आणि कुठल्या फेरीत ते मला शोधायचंय. ते म्हणाले, "तिकिटाचे नंबर बघ, दोन गठ्ठ्यांचे निघतील." खरं म्हणजे आम्ही तसंच करतो, टीपीसीतल्या किती रेषा टीओएफपर्यंत पोचल्या ते बघतो, टीओएफ चटकन मोजून मोकळा होतो त्यामुळे दुसऱ्या टकरीचे कण त्यात सापडत नाहीत, रेषा जास्त आणि टीओएफचे हिट कमी दिसले की समजायचं गठ्ठे दोन आहेत. काल रात्री तो कट थोडा कडक करून सगळे जॉब परत टाकलेत. अर्ध्याहून जास्त झालेत, उरलेले रांगेत आहेत.